‘टम्बलिंग टम्बलवीड्स’ (१९३५) बघण्याआधी आणि बघून झाल्यावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा नक्की कुठला पिक्चर? नाव कधी ऐकलं नाही.

ऐकलं नसेल तर तुमची काहीच चूक नाही. आपल्याकडे वेस्टर्न म्हटलं की क्लिंट ईस्टवूड, तोंडात चिरूट, डोळे बारीक, एवढंच डोळ्यासमोर येतं. हा त्याच्या तीस वर्षं आधीचा. अमेरिकेत सप्टेंबर १९३५ मध्ये लागला, ब्लॅक अँड व्हाइट, लांबी साधारण एक तास. कंपनी रिपब्लिक पिक्चर्स, जी त्याच वर्षी काही छोट्या कंपन्या एकत्र करून उभी राहिली होती. दिग्दर्शक जोसेफ केन आणि हिरो जीन ऑट्री. या ऑट्रीला फुल लेंग्थ पिक्चरमध्ये हिरो म्हणून मिळालेला हा पहिला चान्स, आणि ‘गाणारा काउबॉय’ नावाचा जो प्रकार पुढे जवळजवळ वीस वर्षं चालला त्याची गाडी इथून जोरात सुटली.

गाणारा काउबॉय म्हणजे काय भानगड आहे? गाता गाता गोळ्या मारतो का?

हो, जवळपास तेच. घोड्यावरून येतो, गातो, गुंडांना धुतो, परत गातो, निघून जातो. हसू नका. आपण कोण हसणारे? नायक मरायला टेकलाय आणि तरी दोन कडवी म्हणतोय हे आपण संगीत नाटकापासून बघत आलोय आणि वर वन्समोअर पण देत आलोय. अमेरिकन समीक्षकांना हा प्रकार फार खटकायचा, त्यांचं म्हणणं असं की वाळवंटात मागून ऑर्केस्ट्रा कुठून आला. हा प्रश्न मराठी माणसाला पडतच नाही, आणि म्हणूनच मला वाटतं हे पिक्चर बघायला आपण त्यांच्यापेक्षा जास्त लायक प्रेक्षक आहोत.

गोष्ट काय आहे? स्पॉयलर नको.

एका मोठ्या गुरंवाल्याचा पोरगा. बापाचं आणि नव्याने येऊन जमीन धरणाऱ्या शेतकऱ्यांचं भांडण पेटलेलं, पोराला बापाची बाजू पटत नाही, बाप त्याला घराबाहेर काढतो. पाच वर्षांनी पोरगा गावात परत येतो तो एका फिरत्या औषधवाल्याच्या तमाशात गायक म्हणून, आणि बघतो तर बापाचा खून झालेला आणि आळ आलाय त्याच्याच जुन्या दोस्तावर. मग खरा खुनी शोधायचा. खुनी कोण ते तुम्हाला विसाव्या मिनिटाला कळेलच, दिग्दर्शकाने फार लपवलेलं नाही.

गुरंवाले आणि शेतकरी भांडतायत कशावरून? सुरुवातीला काहीच कळलं नाही.

हे कुणी सांगत नाही कारण तिथल्या प्रेक्षकाला ते माहीतच असायचं. पश्चिमेकडच्या मोकळ्या सरकारी माळरानावर गुरंवाले आपले कळप बिनधास्त चारायचे. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने कुणीही तिथे जाऊन १६० एकर जमीन धरावी, पाच वर्षं राहून कसावी आणि मग ती त्याची, अशी सोय झाली. मग लोक आले, कुंपणं आली, काटेरी तार आली आणि पाण्याच्या वाटा अडल्या. बांधावरून आणि पाटाच्या पाण्यावरून डोकी फुटलेली आपल्या तालुक्याच्या कोर्टात रोज बघायला मिळतात, तेच हे, फक्त अंगावर मोठ्या टोप्या.

नावातलं टम्बलवीड म्हणजे काय?

वेस्टर्नमध्ये दोघं समोरासमोर उभे असतात आणि मधून एक काटक्यांचा गोळा गडगडत जातो ना, तो. हे झुडूप हिरवं असताना गोल वाढतं, वाळलं की बुडाशी मोडतं आणि वाऱ्याबरोबर लोळत सुटतं, लोळता लोळता बिया सांडत जातं. म्हणजे झाड मेल्यावर फिरायला निघतं! गंमत म्हणजे ज्या झुडपाला अख्खं जग अस्सल अमेरिकन समजतं ते मूळचं रशियाकडचं, १८७० च्या दशकात जवसाच्या बियाण्यात मिसळून साउथ डकोटात आलं आणि तिथून सगळीकडे पसरलं. आपल्याकडे गाजर गवत आलं तसंच, फक्त गाजर गवतावर कुणी इतकं सुंदर गाणं केलेलं नाही.

ते गाणं ऑट्रीचं का?

नाही. बॉब नोलनचं. हा माणूस लॉस एंजेलिसजवळ एका गोल्फ क्लबात कॅडी होता, म्हणजे श्रीमंतांच्या काठ्या उचलून त्यांच्या मागे चालायचं काम. गाण्यात आधी टम्बलवीड नव्हतंच, पानं होती, वाऱ्याने गडगडत जाणारी पानं. पुढे पानांचं झुडूप झालं आणि मग ते काउबॉयचं गाणं झालं. नोलन ज्या ग्रुपमध्ये होता त्या ‘सन्स ऑफ द पायोनियर्स’नी ते १९३४ मध्ये रेकॉर्ड केलं. गाणं इतकं चाललं की रिपब्लिकने सरळ त्याचंच नाव पिक्चरला देऊन टाकलं. चाल नीट ऐका, ती कुठे घाईत नाही, झुडूप जसं थोडं लोळतं, थांबतं, परत लोळतं तशीच सरकते. ज्याला घर नाही आणि त्याचं काही वाटतही नाही अशा माणसाचं गाणं आहे ते, आणि घरातून काढलेल्या पोराच्या गोष्टीला ते बरोबर बसतं.

ऑट्री खरोखरचा काउबॉय होता का?

जन्म टेक्ससमधल्या टायोगाचा, २९ सप्टेंबर १९०७, त्यामुळे गुरं-घोडी लहानपणापासून माहीत, पण नोकरी रेल्वेत. ओक्लाहोमामध्ये तारमास्तर होता, रात्रपाळीला स्टेशनात कुणी नसायचं तेव्हा गिटार घेऊन बसायचा. मग टल्साच्या रेडिओवर ‘यॉडल करणारा काउबॉय’ म्हणून गायला लागला (यॉडल म्हणजे गळ्यातला आवाज झटक्याने वर-खाली पलटवत गायचं), तिथून शिकागोच्या डब्ल्यूएलएस रेडिओवर ‘नॅशनल बार्न डान्स’मध्ये. म्हणजे पिक्चरमध्ये येण्याआधी तो गावोगावच्या घरात आवाजाने पोचलेला होता, आणि सीअर्स नावाच्या टपालाने माल पाठवणाऱ्या दुकानाच्या कॅटलॉगमध्ये त्याच्या नावाची गिटार मिळायची. शेतावरच्या पोराने पैसे साठवून पोस्टाने गिटार मागवायची आणि त्यावर जीनचं नाव. असा प्रेक्षक तयार करून मग माणूस पडद्यावर आला.

त्याची स्वतःची गिटार मात्र वेगळी. मार्टिन कंपनीने बनवलेली पहिली डी-४५, साल १९३३, खास ऑट्रीसाठी केलेली. कडेने सगळीकडे शिंपल्याची नक्षी आणि बोटं फिरतात त्या पट्टीवर मोठ्या अक्षरात त्याचं नाव जडवलेलं. ही गिटार आता लॉस एंजेलिसच्या ऑट्री म्युझियममध्ये आहे, आणि डी-४५ हे नाव गिटारवाल्यांसमोर काढून बघा, चेहरेच बदलतात.

अॅक्टिंग कशी आहे?

खरं सांगू? ठोकळा. प्रेमाच्या सीनमध्ये हात कुठे ठेवायचे ते त्याला कळत नाही, आणि रागावला की फक्त भुवया हलतात. पण गायला लागला की तोच माणूस एकदम मोकळा होतो, खांदे खाली येतात, चेहऱ्यावर ते ‘काय घाई आहे’ असं हसू येतं. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी पंधराव्या मिनिटाला बंद करणार होतो, एक तर प्रिंट पाऊस पडल्यासारखी, त्यात आमच्याकडे जेवायला हाका चालू, आणि तेवढ्यात गाणं सुरू झालं आणि स्वयंपाकघरातून आई विचारते, ‘कोण रे हा, बरा गातोय की.’ संपूर्ण बघितला मग.

बापाबद्दलचं गाणं ऐकून रडू येतं असं लोक म्हणतात, ते कुठलं?

‘दॅट सिल्व्हर हेअर्ड डॅडी ऑफ माइन’. ऑट्री आणि जिमी लाँग यांचं, १९३१ मध्ये रेकॉर्ड केलेलं, पिक्चरच्या चार वर्षं आधीच तुफान गाजलेलं. पांढऱ्या केसांच्या म्हाताऱ्या बापाला मी फार त्रास दिला, ती वर्षं त्याला परत देता आली असती तर, असा भाव. आता कथेत बघा, पोरगा भांडून गेला, समजूत घालायला परत आला तर बाप नाही. संवादाने हे सांगायला ऑट्रीकडून दहा मिनिटं घेतली असती आणि जमलं नसतं. गाण्याने तीन मिनिटांत झालं. माझं ठाम मत आहे की या पिक्चरमध्ये बंदुकीने काहीच सुटत नाही, जे हलतं ते गाण्याने. जोसेफ केन दिग्दर्शनात येण्याआधी सेलो वाजवायचा, मला तरी ते दिसतं, गाणं चालू असताना तो कॅमेऱ्याला उगाच नाचवत नाही.

स्वतः गायलाय की प्लेबॅक?

स्वतः. आणि हाच मुद्दा होता. त्याच्या आधी १९३३ मध्ये ‘रायडर्स ऑफ डेस्टिनी’त चक्क जॉन वेनला, जो पुढे वेस्टर्नचा बडा स्टार झाला त्याला, गाणारा काउबॉय केला होता, सिंगिंग सँडी नावाचा, पण गळा दुसऱ्याचा. वेनला ते आयुष्यभर पुरलं, लोक भेटले की म्हणायचे ते गाणं म्हणून दाखवा ना. केन मेनार्ड नावाचा स्टार त्याआधीपासून थोडंफार गायचा, पण त्याचं मुख्य काम घोडेस्वारी. ऑट्रीच्या बाबतीत आधी गायक आणि मग बाकीचं. योगायोग बघा, १९३५ सालीच कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ‘धूपछांव’मध्ये प्लेबॅक आणला आणि आपल्याकडे गाणारा नट हळूहळू मागे पडायला सुरुवात झाली, आणि तिकडे त्याच वर्षी गाणारा नट हिरो झाला.

तो मेडिसिन शो काय प्रकार आहे?

गाडी घेऊन गावोगाव फिरायचं, चौकात गाणी, नकला, जोक करून गर्दी जमवायची आणि गर्दी जमली की बाटली काढायची: संधिवात, खोकला, टक्कल, सगळ्यावर एकच औषध. आपल्या बाजारात डोंबाऱ्याचा खेळ आणि जडीबुटीवाला एकत्र केला की झालं. ‘डॉक्टर’ झालेला म्हातारा आहे जॉर्ज हेस, जो पुढे गॅबी हेस म्हणून दाढीवाला खवचट म्हातारा करून घराघरात पोचला. इथे तो अजून त्या अवताराच्या आधीचा आहे, तरी भाव खाऊन जातो.

हिरोचा तो जाडा दोस्त कोण?

स्मायली बर्नेट. नुसता विनोदी म्हणून सोडून देऊ नका. हा गडी असंख्य वाद्यं वाजवायचा, गाणी लिहायचा, आणि घशातून असा बेडकासारखा आवाज काढायचा की पुढच्या पिक्चरांमध्ये त्याच्या पात्राचं नावच फ्रॉग ठेवलं. या पिक्चरमधलं ‘रायडिंग डाउन द कॅन्यन’ त्याचं. हॉलिवूडकडे गाडीने येताना मागच्या सीटवर बसून लिहिलं आणि ऑट्रीला पाच डॉलरला विकलं, असा किस्सा सांगतात. पाच डॉलर! माझ्या मते या पिक्चरमधलं सगळ्यात सुरेख गाणं तेच आहे, संध्याकाळ होतेय, दरीत उतरतोय, बस, एवढंच.

खरे काउबॉय गायचे का, की सगळी हॉलिवूडची थाप?

गायचे, पण असे नाही. टेक्ससहून कॅन्ससच्या रेल्वेपर्यंत हजारो गुरं हाकत न्यायची, रात्री कळप बसलेला असताना दोघं-तिघं घोड्यावरून भोवती फिरत राहायचे आणि हळू आवाजात काहीतरी गुणगुणत राहायचे, म्हणजे जनावर बुजू नये आणि माणूस कुठे आहे ते त्याला कळावं. वीज कडाडून कळप उधळला तर माणसं चिरडायची, त्यामुळे ते गाणं कामाचाच भाग होतं. चकचकीत शर्ट आणि मागे व्हायोलिन हा भाग हॉलिवूडचा. आणि खऱ्या काउबॉयांमध्ये काळे आणि मेक्सिकन भरपूर होते, ते पडद्यावर जवळजवळ गायबच केले. आपल्या गोष्टीतला गुराखी बासरी वाजवतो तर कुणाला विचित्र वाटत नाही, मग यांच्या गिटारचंच काय एवढं.

यॉडलिंग हे आपल्या किशोरदांसारखंच आहे ना?

हो, आणि नातं लांबून का होईना खरं आहे. ऑट्री सुरुवातीला सरळसरळ जिमी रॉजर्सची नक्कल करायचा, तो रेल्वेतला ब्रेकमन, क्षयाने १९३३ मध्ये गेला, ‘ब्लू यॉडल’ नावाची गाणी त्याचीच. किशोरकुमारनी यॉडलिंग उचललं ते अशाच रेकॉर्ड ऐकून, जिमी रॉजर्स आणि टेक्स मॉर्टन यांच्या. म्हणजे दोघांची शाळा एकच, बाक वेगळे.

पिक्चरमध्ये काळ्या मुलाचं पात्र बघून कसंतरी झालं.

व्हायलाच पाहिजे. युजीन जॅक्सन हा चांगला, अनुभवी बाल कलाकार, त्याच्या आधी ‘अवर गँग’ या लहान मुलांच्या विनोदी मालिकेच्या मूकपटांतून काम केलेला, आणि इथे त्याला नाव दिलंय ‘एटबॉल’, म्हणजे पूलच्या टेबलावरचा काळा चेंडू. नाचायचं, घाबरायचं, हसवायचं. त्या काळात असंच असायचं हे कारण झालं, पण त्याने ते कमी खुपत नाही. उतारा हवा असेल तर हर्ब जेफ्रीजचे पिक्चर बघा, १९३७ चा ‘हार्लेम ऑन द प्रेअरी’ आणि १९३९ चा ‘द ब्रॉन्झ बकारू’, काळ्या प्रेक्षकांसाठी काढलेले, हिरो काळा, आणि आवाज काय आहे राव त्याचा.

माझ्याकडची कॉपी ५३-५४ मिनिटांचीच आहे. काय कापलंय?

१९५० च्या दशकात हे सगळे पिक्चर टीव्हीवर गेले. तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती बसवायच्या म्हणून सरसकट कातरी लावली, आणि वर्षानुवर्षं त्याच कापलेल्या कॉपी फिरत राहिल्या. नंतर ऑट्रीच्या स्वतःच्या कंपनीने मूळ लांबीच्या स्वच्छ प्रिंट काढल्या. एक तासाच्या आसपासची मिळाली तर तीच घ्या, कारण कातरी आधी गाण्यावरच पडते.

रॉय रॉजर्स आणि हा एकच का?

नाही हो, पण गोंधळ समजू शकतो. पगार आणि करारावरून ऑट्रीचं रिपब्लिकशी बिनसलं आणि तो १९३८ मध्ये सेटवर यायचाच बंद झाला, तेव्हा कंपनीने लिओनार्ड स्लाय नावाच्या पोराला पुढे केलं, नाव बदललं, ‘अंडर वेस्टर्न स्टार्स’ काढला आणि रॉय रॉजर्स जन्माला आला. हा स्लाय म्हणजे वर आलेल्या सन्स ऑफ द पायोनियर्सच्या संस्थापकांपैकी एक! आणि १९३६ च्या ‘द ओल्ड कॉरल’मध्ये हा ग्रुप आहे, त्यात ऑट्री या स्लायला आधी मारामारीत लोळवतो आणि मग बंदूक रोखून गायला लावतो. पुढे जो आपली खुर्ची घेणार त्याच्याकडूनच जबरदस्तीने यॉडल करून घेतोय, हे माहीत असून बघितलं की फार मजा येते.

ऑट्रीचा भारताशी काही संबंध?

आहे, आणि कुणाला माहीत नसतो. १९४२ मध्ये प्रसिद्धीच्या शिखरावर असताना त्याने चालू रेडिओ कार्यक्रमात सैन्यात भरती होण्याची शपथ घेतली. नुसतं गाऊन सैनिकांची करमणूक करायचं काम मिळत होतं, पण याने पायलटचं लायसन पक्कं केलं आणि मालवाहू विमानांवर गेला, चीन-बर्मा-इंडिया आघाडीवर. भारतातून हिमालय ओलांडून चीनला रसद पोचवायचा जो ‘हंप’ नावाचा जीवघेणा मार्ग होता त्यावर त्याने उड्डाणं केली. पडद्यावर खोटी गोळी झाडणारा माणूस खऱ्या ढगात शिरत होता. परत येईपर्यंत रिपब्लिकने रॉय रॉजर्सला ‘काउबॉयांचा राजा’ करून टाकलं होतं ते वेगळं.

घोड्याचं नाव काय?

चॅम्पियन. वर्षानुवर्षांत ते नाव एकाहून जास्त घोड्यांनी लावलं.

पुढे झालं काय या सगळ्याचं?

टीव्ही आला. शनिवारी दुपारी दहा सेंटला पोरं जे थेटरात बघायची ते घरी फुकट दिसायला लागलं. ऑट्रीचा शेवटचा पिक्चर १९५३ चा ‘लास्ट ऑफ द पोनी रायडर्स’. पण हा माणूस पक्का धंदेवाला, टीव्ही आल्यावर रडत बसला नाही, स्वतःच टीव्हीवर मालिका काढली, रेडिओ स्टेशनं घेतली, १९६१ पासून एंजल्स ही बेसबॉल टीम चालवली. आणि नाताळात मॉलमध्ये ते लाल नाकाच्या रेनडियरचं गाणं वाजतं ना, रुडॉल्फ? १९४९ ची रेकॉर्ड, आवाज जीन ऑट्रीचाच. म्हणजे तुम्ही त्याला आधीच शंभर वेळा ऐकलंय. गेला २ ऑक्टोबर १९९८ ला.

आवडला तर पुढे काय बघू?

डोकं बाजूला ठेवायची तयारी असेल तर ‘द फँटम एम्पायर’, १९३५ चीच बारा भागांची मालिका. त्यात ऑट्रीच्या रँचखाली जमिनीत मुरानिया नावाचं शहर आहे, राणी आहे, टोपी घातलेले पत्र्याचे रोबो आहेत, आणि रोज ठरलेल्या वेळी वर येऊन रेडिओवर गाणं म्हटलं नाही तर याचा करार रद्द होणार आहे. राणीच्या तावडीतून सुटायचं कशाला, तर दोनची ब्रॉडकास्ट गाठायला. ऑफिसला उशीर होत असताना मला हटकून तेच आठवतं.

लहान मुलांना चालेल का?

चालेल. रक्त नाही, शिव्या नाहीत, चुंबनसुद्धा घाईघाईतलं. एटबॉलच्या पात्राबद्दल मात्र आधी दोन शब्द बोलून घ्या. माझ्या सहा वर्षांच्या भाचीने सगळा बघितला आणि एकच प्रश्न विचारला, ‘याची टोपी मारामारीत पडत कशी नाही?’ मी परत लावून बघितला. खरंच पडत नाही.